बावीस लिटरांची पायली

आतेच्या घरात निवांत बसायला जागा नव्हती असं नाही. जागा होती, निवांतपणा माझ्यात नव्हता. दोन खोल्या, पुढे अरुंद पडवी, मागे चूल, आणि भिंतीला भिंत लावून लाकडी खेळणी करणाऱ्यांचं घर. त्यांचं लाकूड कातायचं यंत्र सकाळी आमच्या पेजेच्या वेळेला सुरू व्हायचं आणि जेवणापुरतं थांबायचं. लाकडाचे आंबे, केळी, वांगी, मिरच्या तिथून बाहेर यायच्या आणि अंगणात फळीवर रंग वाळवत पडायच्या. सावंतवाडीतलं माझं अकरावीचं वर्ष आठवलं की आधी तो घरघर आवाज कानात येतो, कॉलेजचा फळा नंतर दिसतो. त्या आवाजात मी पुस्तक उघडून बसायची आणि दोन ओळींनंतर उठायची. पाणी प्यायची. पुन्हा बसायची. मग मोती तलावाला एक फेरी मारून यायची आणि पुस्तक जिथे उघडलं होतं तिथेच असायचं.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ती काजूच्या कारखान्यात कामाला होती. आधी बरीच वर्षं बिया फोडण्याच्या खात्यात, हाताला राख फासून. तरीही टरफलातलं काळं तेल तिच्या उजव्या अंगठ्यात आणि तर्जनीत कायमचं मुरलं होतं. मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा ती वर्गवारीच्या खात्यात आली होती. सोललेले काजूगर आकाराप्रमाणे निवडायचे, वजन करायचे आणि पत्र्याच्या डब्यांत भरायचे. संध्याकाळी घरी आली की आधी पाय धुवायची, मग कुळथाच्या पिठीला फोडणी द्यायची, आणि फोडणी देता देता मला म्हणायची, “गो चेडवा, एका जाग्यार बस मगो. तुका बगून माझो जीव घाबरता.”

बसणार कशी? आमच्या गावातून सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. मुलगी कशाला, आमच्या वाडीतून कॉलेजचं तोंड पाहिलेलं त्याआधी कोणीच नव्हतं. आमचा गाव धामापूरच्या पलीकडे, थोडी भातशेती, काजूची झाडं आणि दोन हापूस. बाबा चौथी शिकलेले. पण गावात त्यांना वेगळा मान होता, तो त्यांच्या पायलीमुळे. मळणी झाली की भात मापायला लोक बाबांना बोलावत. लोखंडी पट्ट्या मारलेली आमची पायली खांद्यावर घेऊन ते जात, खळ्यात मांडी घालून बसत, भात भरत, हाताने वरचा ढीग सारखा करत आणि ओतत. पहिल्या पायलीला ते कधी ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन, चार. आमच्याकडे सगळेच तसं मापत, पण बाबांच्या तोंडून तो शब्द आला की खळ्यात बोलणारी माणसं क्षणभर गप्प व्हायची. ‘हेंच्या मापाक बोट लावूक जागा नाय,’ असं लोक म्हणायचे. माझ्या प्रवेशानंतर देवळात, बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमचां चेडू सायन्साक गेलां.

आणि सायन्स इंग्रजीत होतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मी पहिल्या बाकावर बसून सगळं उतरवून घ्यायची आणि त्यातलं फार थोडं मला कळायचं. रसायनशास्त्राला देशमाने सर होते. घाटमाथ्यावरून आलेले, उंच, घाईत बोलणारे. त्यांनी मोल शिकवायला घेतला तेव्हा मी हरवले. वजनावरून मोल काढायचे, मोलांवरून कणांची संख्या, संख्येवरून पुन्हा वजन. फळ्यावर सहाच्या पुढे तेवीस शून्यं यायची. मी शून्यं नीट मोजून उतरवायची, म्हणजे चूक नको. पण मोल ही वस्तू काय आहे, तिला हात कुठे लावायचा, ते मला कळेना. विचारावं असं रोज वाटायचं. हात अर्धा वर जायचा आणि केस सारखे करून खाली यायचा.

मग एक दिवस सर वायूंवर आले आणि त्यांनी एक वाक्य मराठीतून सांगितलं. ठरावीक तापमानाला आणि दाबाला कोणत्याही वायूचा एक मोल बावीस पॉइंट चार लिटर जागा घेतो. कोणताही वायू असो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोल म्हणजे पायली! भात घाला, उडीद घाला, नाचणी घाला, पायली ती पायलीच. बावीस पॉइंट चार लिटरांची पायली. इतकी साधी गोष्ट, आणि ही माणसं तिच्याभोवती एवढी शून्यं का लावतात कोण जाणे.

त्या महिन्याच्या चाचणीत सगळी गणितं वायूंची होती. मी बावीस पॉइंट चारने भागत सुटले आणि वर्गात तिसरी आले. चतुर्थीला घरी गेले तेव्हा बाबांना सगळं समजावून सांगितलं. ते घावन खात होते. हातातला घास ताटात ठेवून त्यांनी ऐकलं.

“म्हणजे पायलीच ती,” ते म्हणाले. आणि लगेच, “पयली पायली घालताना तुमचे सर लाभ म्हणतत काय?”

आई हसली, मीही हसले. पण बाबांनी हात धुतल्यावर कोनाड्यातली पायली काढली आणि उगाचच फडक्याने पुसली, ते मी पाहिलं. आता या वयात मला वाटतं, त्या दिवशी बाबांना माझं कॉलेज पहिल्यांदा आपलं वाटलं असावं. म्हणून पुढे जे झालं ते मला दुप्पट लागलं.

दिवाळीच्या सुट्टीला दोन आठवडे उरले होते. प्रयोगशाळेत सरांनी प्रत्येकाला एक दशांश मोल मीठ घेऊन द्रावण करायला सांगितलं. माझा हिशोब तयार होता, बावीस पॉइंट चारचा दहावा भाग. मी प्रयोगशाळेतल्या गुणामामांकडे गेले आणि सव्वादोन लिटर मीठ मागितलं. ते नोकरीत मुरलेले, सावकाश माणूस. माझ्याकडे बघत राहिले. “एवढां मीठ कशाक गो? आंबे खारात घालूचे आसत?” मी म्हटलं, सरांनीच सांगितलंय. त्यांनी कपाटातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या बरण्या आणून दिल्या. मी मोठ्या मोजपात्रात मीठ ओतत राहिले, बाबांसारखं हाताने वरून सारखं करत. बाकीच्यांची द्रावणं होऊन गेली तरी माझं मापच चाललेलं. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, “शिरोड्याचां मिठागर हाडलंस काय गो?” आणि सगळा वर्ग हसला.

सर आले. त्यांनी विचारलं, हे कुणी सांगितलं तुला?

“तुम्हीच, सर,” मी म्हटलं. “मोल म्हणजे बावीस पॉइंट चार लिटर.”

मला उलट उत्तर द्यायचं नव्हतं, मला खरंच तसं वाटत होतं. पण हसणं दुप्पट झालं आणि सरांचा चेहरा लाल झाला. तास संपल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि टेबलाच्या खणातून एक छापील अर्ज काढून दिला. आर्ट्सला बदली मागण्याचा. सगळा इंग्रजीत, खाली पालकांच्या सहीची जागा.

“रागावून देत नाही,” ते म्हणाले. “पाया कच्चा राहिला तर पुढची दोन वर्षं तू नुसती पाठ करशील आणि शेवटी नापास होशील. सुट्टीच्या आधी हा दिलास तर वर्ष वाया जाणार नाही.”

त्या खोलीत काचेच्या पेटीतला तराजू होता. वजनं चिमट्याने उचलायची, दार लावायचं, काटा थरथरून थांबेपर्यंत श्वास धरायचा. अकरावीच्या मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती, पण येता जाता मी त्याच्यापाशी रेंगाळायची. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं की इंजिनिअर. मला त्या तराजूपाशी बसायचं होतं. इतकंच, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. अर्ज हातात घेतल्यावर तो तराजू मला दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, मला एकदा परत विचारा.”

त्यांनी टेबलाचा खण बंद केला. सुट्टी लागायच्या दिवशी ये, म्हणाले. विचारतो. नाही जमलं तर अर्जावर सही आणून दे.

अर्ज मी घडी करून लॉगच्या तक्त्यांच्या पुस्तकात ठेवला. पुढचे दिवस कसे गेले ते मला धड आठवत नाही, पाय मात्र आठवतात. मी चालत होते. पडवीतून चुलीपाशी, चुलीपासून विहिरीवर, विहिरीवरून तलावाला. पुस्तकातली वाक्यं पाठ करत चालायची आणि वळणावर विसरायची. ताटात सोलांची कढी आणि भाजलेला सुका बांगडा असे, आणि मी भाताची शितं बोटांनी वेगळी करत बसायची. एकदा अर्ज आतेपुढे ठेवावा, पालक म्हणून तिची सही घ्यावी आणि सुटावं, असंही मनात आलं. ती अक्षर जुळवून सही करायची, कशावर करते ते तिने विचारलं नसतं. पुस्तक हातात घेतलं, पुन्हा ठेवलं.

रविवारी तिच्या कारखान्यात जादा काम होतं. दिवाळीनंतर मोठा माल बाहेर जायचा होता. ती निघताना माझ्याकडे बघून म्हणाली, “घरात फेऱ्यो मारून जमीन झिजवू नको. चल माझ्यावांगडा.”

वर्गवारीचं खातं म्हणजे लांब टेबलं, पांढऱ्या गरांचे ढीग आणि दोन्ही बाजूंना बायका. बिया फोडण्याच्या खात्यातून टक् टक् टक् असा न थांबणारा आवाज. बोलणं त्या आवाजावरून चाललेलं, कोणाची सून, कोणाचा जावई. हात मात्र चुकत नव्हते. माल परदेशी जाणारा म्हणून तिथे अजून पौंड चालायचा. एका पौंडात जितके गर बसतील तो त्या मालाचा नंबर. एकशेऐंशी म्हणजे सगळ्यांत मोठे, मग दोनशेदहा, दोनशेचाळीस, आणि तीनशेवीस म्हणजे बारके. मुकादमीण येई, ढिगातून पौंडभर गर काट्यावर घेई, भराभर मोजी आणि मान हलवून पुढे जाई. आतेने तीनशेवीसचा एक डबा भरून काट्यावर ठेवला, पंचवीस पौंड, आणि शेजारणीला म्हणाली, ह्यात आठ हजार गेले.

मी तिला विचारलं, मोजल्याशिवाय कसां कळलां तुका?

“एवढे मोजीत बसलंय तर हयसरच म्हातारी होयन,” आते म्हणाली. “एकच पौंड मोजूचो. मगे फुडचां सगळां काटो मोजता.”

काटा मोजतो. मी तिथेच उभी राहिले. सरांच्या तासाला काटा वजन सांगायचा, संख्या कुठून यायची ते मला कधी कळलं नव्हतं. इथे माझी आते वजनाकडे बघून संख्या सांगत होती, कारण एक गर किती जड ते तिला ठाऊक होतं. उलटही होत होतं. कुणी दहा हजार गर मागितले असते तर तिने ते मोजले नसते, तोलून दिले असते.

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी एकशेऐंशीच्या ढिगातले शंभर मोठे गर मोजले आणि तीनशेवीसमधले शंभर बारके. दोन ढीग शेजारी शेजारी ठेवले. एक उंच, एक बसका. काट्यावर घातले आणि पौंडाचे ग्रॅम केले. मोठे अडीचशे ग्रॅम, बारके दीडशेही भरले नाहीत. संख्या सारखी, वजन वेगळं. जागाही वेगळी. पायलीत घातले असते तर मोठ्यांचा थर उंच आला असता, बारक्यांचा तळाशी राहिला असता.

आते बघत होती. “मोठे शंभर जड, बारीक शंभर हलके,” ती म्हणाली. “ह्यां कळूक तुका काटो व्हयो झालो?”

बायका हसल्या. हे हसणं मला लागलं नाही. मला दिसत होतं की मोल म्हणजे पायली नव्हे. मोल म्हणजे मोजून वेगळा काढलेला ढीग. ढिगात किती ते कायम ठरलेलं, सहाच्या पुढे तेवीस शून्यं. कण हलका असेल तर ढीग हलका, जड असेल तर जड. हायड्रोजनच्या अणूंचा ढीग एक ग्रॅम, कार्बनचा बारा, मिठाचा साडेअठ्ठावन्न. पुस्तकात प्रत्येक मूलद्रव्यापुढे जो आकडा होता तो त्या मालाचा नंबर होता, फक्त उलटा, पौंडातले नग नव्हे तर ढिगाचं वजन. मी तीन महिने भांडं धरून बसले होते आणि सर विचारत होते ते संख्येबद्दल.

आनंद झाला, पण स्वस्थता आली नाही. घरी येताना एक नवीनच टोचणी लागली. पायली खोटी, तर वायूंची गणितं बरोबर कशी आली? आणि बाबांना काय सांगायचं?

सुट्टी लागायच्या दिवशी प्रयोगशाळेत सर आणि गुणामामा दोघेच होते. सरांनी इंग्रजीत सुरुवात केली. मी विचारलं, मराठीत सांगू का. ते म्हणाले, सांग. नऊ ग्रॅम पाण्यात रेणू किती? पाण्याचा ढीग अठरा ग्रॅमचा, म्हणजे हा अर्धा, तीनच्या पुढे तेवीस शून्यं. बाराच्या पुढे तेवीस शून्यं इतके कार्बनचे अणू, वजन किती? दोन ढीग, चोवीस ग्रॅम. ते ढीग-ढीग ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या, पण अडवलं नाही. मग त्यांनी काचेच्या पेटीचं दार स्वतः उघडलं. एक दशांश मोल मीठ घे, म्हणाले.

चिमट्याने पहिलं वजन उचलून पारड्यात ठेवलं तेव्हा सवयीने ओठ हलले, “लाभ.”

“काय म्हणालीस?”

मी मान खाली घातली. सर म्हणाले, “आमच्याकडेही पहिल्या मापाला तेच म्हणतात.” आणि खिडकीकडे बघत उभे राहिले, म्हणजे मला नीट तोलता यावं.

पाच पॉइंट पंच्याऐंशी ग्रॅम. चिमूट चिमूट मीठ घालत गेले आणि काटा मधोमध थांबला. काचेच्या वाटीत जेमतेम चमचाभर मीठ होतं. ज्यासाठी मी कपाटातल्या सगळ्या बरण्या रिकाम्या केल्या होत्या ते एवढंसं होतं. पुढे तीस वर्षं मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत अशाच तराजूपुढे बसले, पण त्या चमचाभर मिठाकडे पाहिलं तसं पुन्हा कशाकडे पाहिलं नाही.

शेवटी सरांनी विचारलं, मग वायूंना बावीस पॉइंट चार का चालतं? मी म्हटलं, माझी पायली तिथे का चालते ते माहीत नाही सर, आठवडाभर तेच शोधतेय. ते पहिल्यांदा हसले. वायूचे कण एकमेकांपासून इतके लांब असतात, म्हणाले, की कण बारका की मोठा यानं जागेत फरक पडत नाही. तुझी पायली तिथे चालते. फक्त तिथेच. मी अर्ज पुढे केला. “मला नको,” ते म्हणाले, “तुझ्याकडेच ठेव.”

घरी पोचले तेव्हा खळ्यात नवं भात पसरलं होतं. बाबा पेंढा झाडत होते. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं की बाबा, मी चतुर्थीला सांगितलं ते चूक होतं, ती पायली नाय. मिठाची गोष्ट, हसलेला वर्ग, आतेचे गर, सगळं सांगितलं. ते पेंढ्याची मूठ हातात धरून ऐकत राहिले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. वाटलंही असेल. मग त्यांनी पायलीकडे पाहिलं.

“मगे आमच्या पायलीत दाणे किती?” ते म्हणाले. “इतकी वर्सां मापतंय, माका कोणी इचारूक नाय.”

देवळाजवळच्या दुकानातून मी काटा मागून आणला. बाबा मांडी घालून बसले आणि दाणे मोजू लागले, नारळ मोजतात तसे पाच-पाच करून. पहिल्या पाचाला ‘लाभ’ म्हणाले. मी म्हटलं, शंभर झाले की रेघ मारू, नाहीतर विसराल. कागद शोधायला लॉगचं पुस्तक उघडलं तर हाताला तो अर्जच लागला. त्याची मागची बाजू कोरी होती. त्यांनी तो घेतला, पालथा केला, पुढची इंग्रजी ओळ बोटाने चाचपली.

“ह्या बाजूक काय आसा?”

मी सांगितलं, “आर्ट्साक जावचो अर्ज. सरांनी दिल्लो. मगे घेवक नाय.”

बाबांनी तो उलटा करून मांडीवर ठेवला आणि पहिली रेघ मारली.

दोन हजार दाणे झाले तेव्हा वीस रेघा होत्या आणि ते काट्यावर पन्नास ग्रॅम भरले. मग पायलीभर भात तोललं, सव्वादोन किलो. मी गुणाकार केला, त्यांनी तो दोनदा करायला लावला. नव्वद हजार. त्यांनी आकडा रेघांखाली स्वतः लिहिला, शून्यं सावकाश काढत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खळ्यात त्यांना मापायला बोलावलं होतं, मीही गेले. त्यांनी पायली भरली, हाताने वरून सारखी केली, “लाभ” म्हणाले आणि ओतली. मग दुसरी भरायच्या ऐवजी तसेच बसून राहिले.

भात ज्याचं होतं तो म्हणाला, काय झालां हो? थांबलात कित्याक?

“काय नाय,” बाबा म्हणाले. “नव्वद हजार झाले.” आणि त्यांनी दुसरी पायली भरायला घेतली.